तुमची कुठं शिकते?

एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. अंगणात काजूबिया वाळत घातलेल्या, पडवीत आंब्याच्या पेट्या रचलेल्या. दुपारची उन्हं कलली की आम्ही दोघे घराबाहेर पडायचो आणि एकेका घराची कडी वाजवायचो. सलाम-दुआ व्हायची, कोकमाचं सरबत यायचं, मुंबईकरांची आणि आखातातल्यांची खुशाली विचारून व्हायची. मग आम्ही मुद्द्यावर यायचो : "तुमच्या मुलाला यंदा आपल्या शाळेत घाला."

आम्ही नवरा-बायको दोघेही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. एकजण उर्दू शाळेत सहावी-सातवीला शिकवतो, एकजण शेजारच्या गावात मराठी शाळेत. दोघांचीही वीसेक वर्षं गुहागर तालुक्यातच गेली. नोकरीला लागलो तेव्हा शाळेत मुलं दाटीवाटीनं बसायची आणि बाकं कमी पडायची. आता बाकं उरतात. पावसाळ्यात गळतं त्या कोपऱ्यातली बाकं आम्ही सरळ भिंतीला लावून ठेवली आहेत.

त्या एप्रिलमध्ये आमच्या उर्दू शाळेचा हिशेब साधा होता. सहावीतून सातवीत जाणारी नऊ मुलं आणि पाचवीतून सहावीत येणारी आठ, म्हणजे एकूण सतरा. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानं संचमान्यतेचे, म्हणजे कोणत्या शाळेला किती शिक्षक द्यायचे याचे, निकष बदलले. तेव्हापासून सहावीच्या पुढच्या वर्गांचा पट वीसच्या खाली गेला तर शिक्षकपद राहील की नाही, अशी धास्ती गावोगावी आहे. शिक्षक गेला की वर्ग जातो. वर्ग गेला की मुलांना दुसऱ्या गावी जावं लागतं. आम्हाला तीन मुलं हवी होती.

एका घरी दादी पडवीत सुपारी कातरत बसल्या होत्या. त्यांचा नातू व्हॅननं इंग्रजी शाळेत जातो. नात आमच्या शाळेत, पाचवी पास झालेली. आम्ही नातवासाठी गेलो होतो. सगळं ऐकून घेतल्यावर दादींनी अडकित्ता खाली ठेवला आणि शांतपणे विचारलं, "आणि तुमची मुलगी कुठं शिकते?"

आमची मुलगीही त्याच व्हॅननं जायची.

आम्ही काहीतरी उत्तर दिलं. आमच्या नोकरीच्या वेळा, घरी बघायला कोणी नाही, तेव्हा ते सोयीचं वाटलं, असं काहीसं. दादींनी मान हलवली. त्यांनी टोमणा मारला नाही, हसल्याही नाहीत. सरबताचे पेले उचलता उचलता एवढंच म्हणाल्या, "हलवाई स्वतःच्या दुकानातलं खात नसेल तर गिऱ्हाइकानं काय समजायचं?"

रस्त्यानं परत येताना आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

---

पट का घटतो, याची उत्तरं आम्हाला सभेत धडाधड देता येतात, आणि ती खोटी नाहीत.

पहिलं उत्तर जनगणनेत आहे. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजार ७७७ होती. २०११ साली ती १६ लाख १५ हजार ६९ झाली. दहा वर्षांत ऐंशी हजारांहून अधिक माणसं कमी. देशभर माणसं वाढत होती आणि आपल्या जिल्ह्यात घरांना कुलपं लागत होती. त्याच जनगणनेत जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. बाहेरचा माणूस हा आकडा वाचून खूश होईल. आपल्याला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. घरातला पुरुष मुंबईत किंवा आखातात आहे, एवढाच तो अर्थ. १९९० च्या दशकात अंजनवेलला एन्रॉनचा वीज प्रकल्प आला तेव्हा आता पोरं इथंच राहतील असं बुजुर्ग म्हणायचे. २००१ मध्ये तो बंद पडला. पुढे नव्या नावानं सुरू झाला, पण पोरांचा रस्ता बदलला नाही. आधी नवरा जातो, मग खोली मिळाली की बायको आणि मुलं जातात, आणि जनरल रजिस्टरमध्ये आम्ही 'दाखला नेला' अशी नोंद करतो.

हे केवळ उर्दू शाळेचं किंवा आपल्या मोहल्ल्याचं दुखणं नाही. शेजारच्या वाडीतल्या मराठी शाळेत पहिली ते पाचवी मिळून मुलं मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरतात. गणपतीला वाडी भरते, चाकरमानी परतले की पुन्हा म्हातारी माणसं आणि कुत्री. आपल्याकडे ईदला तेच होतं. दुःख सारखं आहे, फक्त सण वेगळे.

दुसरं उत्तर शिक्षकांचं. घाटमाथ्यावरच्या जिल्ह्यांतून इथं नेमणुकीवर आलेले अनेक शिक्षक आंतरजिल्हा बदलीची वाट बघतात आणि मिळाली की आपल्या मुलखात परततात. त्यांना दोष देववत नाही, त्यांचेही आईवडील तिकडे आहेत. पण जागा रिकामी राहते आणि एक शिक्षक दोन-तीन वर्ग एकत्र घेऊन बसतो. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला. त्यात सहावी ते आठवीला विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा यांसाठी शिक्षक असावेत असं म्हटलं आहे. कायदा पटावर मुलं असतील असं धरून चालतो. मुलं नसली की शिक्षक नाही, आणि शिक्षक नाही म्हणून मुलं नाहीत. हे चक्र कुठून सुरू झालं ते आता सांगता येत नाही.

तिसरं उत्तर व्हॅनचं. सकाळी दारात व्हॅन येते, मूल टाय लावून बसतं, आणि आईला वाटतं की आपलं एक काम झालं. आमच्या शाळेला काही घरांत 'खिचडीची शाळा' म्हणतात. सहावी ते आठवीच्या मुलामागे रोज १५० ग्रॅम आणि पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ सरकार देतं, त्यात डाळ असते, भाजी असते, आणि ते गरम जेवण कित्येक मुलांचं दिवसातलं चांगलं जेवण असतं. त्यात लाजण्यासारखं काय आहे? पण लाज वाटते खरी. आणि ज्या घरात मुलगा व्हॅननं जातो आणि मुलगी खिचडीच्या शाळेत येते, त्या घरात लाज कुणाच्या वाट्याला ढकलली जाते तेही दिसतं.

ही तिन्ही उत्तरं खरी आहेत. पण त्या रात्री इशाच्या नमाजनंतर जेवायला बसलो तेव्हा आम्हाला कळत होतं की चौथंही एक उत्तर आहे आणि ते आमच्या घरात झोपलं आहे. शाळेत शिकवणाऱ्यांचा स्वतःच्या शाळेवर विश्वास नाही, हे ते उत्तर.

---

आपल्याकडे 'असर' नावाची एक पाहणी होते. 'प्रथम' ही संस्था २००५ पासून ती करते. कार्यकर्ते शाळेत न जाता घरी जातात, मुलाच्या हातात एक कागद देतात. त्यावर अक्षरं, शब्द, लहानसा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची एक छोटी गोष्ट असते. मूल कुठपर्यंत वाचतं एवढंच बघायचं. मग वजाबाकी, भागाकार. बस्स.

मे महिन्याच्या सुटीत आम्ही तसेच कागद तयार केले. आधी आमच्या सहावीत येणाऱ्या आठ मुलांची घरी जाऊन चाचणी घेतली. आठपैकी पाच मुलांनी गोष्ट नीट वाचली. भागाकार तिघांनाच आला. आम्हाला वाईट वाटलं, पण कारण ठाऊक होतं. ही मुलं जून २०२० मध्ये पहिलीत होती. मार्चमध्ये शाळा बंद झालेल्या, ३ जूनला निसर्ग वादळ येऊन गेलेलं, कौलं उडालेली, वीज नाही, मोबाइलला रेंज नाही. अक्षरओळखीची जवळजवळ दोन वर्षं त्यांनी शाळेच्या भिंती पाहिल्या नाहीत. त्या दोन वर्षांचं कर्ज ती अजून फेडत आहेत.

मग एका संध्याकाळी आम्ही आमच्याच मुलीपुढे कागद ठेवला.

इंग्रजीचा परिच्छेद तिनं सरसर वाचला. उच्चार आमच्यापेक्षा चांगले. आम्ही विचारलं, "यातला मुलगा रडत का होता?" ती आमच्या तोंडाकडे बघत राहिली. पुन्हा वाचायला सांगितलं. पुन्हा सरसर वाचलं, पुन्हा तसंच बघत राहिली. मराठीची गोष्ट तिनं बोट ठेवून, अडखळत वाचली. मकतबमध्ये नाजिरा झालेलं असल्यामुळे उर्दूची अक्षरं ओळखीची होती, पण वाक्य जुळत नव्हतं. भागाकार आला नाही. एक मात्र आलं. चाचणी संपल्यावर तिनं घाबरून विचारलं, "अम्मी-अब्बा, मी नापास झाले का?"

नापास आम्ही झालो होतो. पाच वर्षं फी भरली, डबा भरला, वह्यांना कव्हरं घातली, प्रगतिपुस्तकावर सह्या केल्या. दुसऱ्यांच्या मुलांना वाचायला शिकवणाऱ्या आम्हाला आमची मुलगी काय वाचते ते कधी विचारावंसं वाटलं नाही. व्हॅन आली, काम झालं. त्या आयांत आणि आमच्यात फरक काय राहिला?

त्या शाळेला आम्ही दोष देत नाही. तिथल्या शिक्षिका कमी पगारावर कष्ट करतात, आणि ज्या घरात इंग्रजी समजणारं, शेजारी बसणारं कोणी आहे त्या घरातली मुलं तिथं शिकतातही. चूक ही की मूल ज्या भाषेत स्वप्नं बघतं, भांडतं, आजीला हाक मारतं, ती भाषा आम्ही तिच्या दप्तरातून काढून घेतली आणि बदल्यात दिलेली भाषा घरात कुणी तिच्याशी बोललं नाही.

---

जूनच्या मध्यावर शाळा उघडली. पहिल्या दिवशी पाऊस असा की पऱ्या रस्त्यावरून वाहत होता. आमची मुलगी नवा गणवेश घालून सहावीत येऊन बसली.

सगळं सुरळीत झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. पहिला महिना ती रोज रात्री रडली. तिच्या मैत्रिणी व्हॅनमधून हात करायच्या आणि ती मान वळवायची. आधीच्या शाळेत संगणकाची खोली होती, आमच्याकडे एकच संगणक आहे आणि तो माहिती भरण्यात गुंतलेला. इथं स्नेहसंमेलनाला भाड्याचे पोशाख नाहीत. उर्दूत ती वर्गात सगळ्यांच्या मागे होती. शिक्षकांची मुलगी मागे, म्हणून मुलांना मजा वाटली.

तिच्या शेजारी बसायची ती दादींची नात. तिनं एक दिवस आमच्या मुलीची वही ओढून घेतली आणि तिला ज़ाल, ज़े, ज़ाद, ज़ोय लिहून दाखवले. चार अक्षरं, कानाला आवाज एकच, आणि कुठल्या शब्दात कुठलं हे पाठच करावं लागतं. "हे असंच आहे, भांडू नको, लिही," असं तिनं दटावलं. बदल्यात आमची मुलगी तिला इंग्रजीची वाक्यं वाचून दाखवते. आता दोघी मिळून अर्थ शोधतात, कारण नातीला अर्थ कळल्याशिवाय पुढे जायची सवयच नाही. दर वाक्याला ती थांबवते : "म्हणजे काय?" पाच वर्षांत आमच्या मुलीला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आम्हीही नाही.

सुलभभारतीतले मराठीचे धडे, बालभारतीची उर्दू, इंग्रजी आणि हिंदी, चार भाषांचं ओझं आमच्या मुलांवर आहे हे खरं. पण कोकणी मुसलमानाचं घर पूर्वीपासून असंच आहे. घरात कोकणी, मशिदीत अरबी, मदतीला उर्दू, बाजारात मराठी. भाषांच्या संख्येनं मूल दबत नाही. कुठलीच भाषा पुरी न आल्यानं दबतं.

---

मुलगी आमच्या शाळेत आली ही बातमी मोहल्ल्यात पोहोचायला एक जुमा पुरला. जुलै संपेपर्यंत व्हॅननं जाणारी आणखी दोन मुलं सहावीत आली. आमच्यामुळे आली असं म्हणवत नाही. एकाच्या वडिलांचं आखातातलं काम सुटलं होतं, फी जड जात होती. दुसऱ्याच्या आईनं मात्र येऊन विचारलं, "तो कागद माझ्या मुलापुढेही ठेवाल का?" ठेवला. ती दाराशी उभी राहून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी दाखला आणायला गेली.

दादींचा नातू आला नाही. तो व्हॅननंच जातो.

पट वीस झाला. पण रजिस्टरवर वीस होऊन भागत नाही. संचमान्यतेला ३० सप्टेंबरचा पट धरतात आणि ज्या मुलाचं आधार जुळतं तेच मूल मोजलं जातं. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही माहिती तपासली तर एकोणीस. विसावं नाव दादींच्या नातीचं. रोज वर्गात पहिल्या बाकावर बसणारी, सगळ्यांना 'म्हणजे काय' विचारणारी मुलगी संगणकाच्या लेखी शाळेत नव्हती. आधारवर तिचं नाव एका स्पेलिंगनं आणि जन्मदाखल्यावर दुसऱ्या. आपल्या घरांत हे नेहमीचं आहे. एकच नाव नर्स एक लिहिते, ग्रामसेवक दुसरं, आणि पासपोर्टवर तिसरंच असतं.

वडील कतारला, आई आजारी. दादीच नातीला घेऊन आमच्याबरोबर आधार केंद्रावर आल्या. पाऊस कोसळत होता, एसटी उशिरा आली, केंद्रावर रांग होती, मधेच वीज गेली. नात भिजलेल्या ओढणीनं बोटं पुसून ठसे देत होती. दादी बाकावर बसून तसबीह ओढत होत्या. परत येताना त्यांनी विचारलं, "एका अक्षरासाठी एवढं?"

"एका अक्षरासाठी दोन वर्ग, दादी," आम्ही म्हणालो.

मग पहिल्यांदाच त्यांनी मनातलं सांगितलं. सहावी-सातवी बंद झाली असती तर नातीला पुढं पाठवणार नव्हत्या. कायद्यात उच्च प्राथमिक शाळा तीन किलोमीटरच्या आत असावी असं आहे. पण कागदावरचे तीन किलोमीटर सपाट असतात. आपल्याकडे त्यात एक चढण, एक पऱ्या, झाडीतला एक निर्जन तुकडा आणि न येणारी एसटी असते. मुलगा जातो. मुलीला घरी ठेवतात आणि 'ती शिकण्यात हुशार नव्हती' म्हणतात. वर्ग बंद होण्याची किंमत कोण मोजतं, हे आम्हाला त्या एसटीत कळलं. व्हॅनवाल्या घरांना तो बंद झालेला कळणारही नव्हता.

३० सप्टेंबरला अल्लाहच्या कृपेनं पट वीस लागला. बरोबर वीस.

---

हे लिहायला घेतलं ते शाबासकीसाठी नाही. पुढच्या वर्षीचा हिशेब आम्ही कधीच मांडून ठेवला आहे. सातवीतली नऊ मुलं जातील, सहावीतली अकरा सातवीत येतील, आणि पाचवीत यंदा सहाच मुलं आहेत. अकरा आणि सहा, सतरा. पुन्हा सतरा.

म्हणून घराघरांत वाचल्या जाणाऱ्या या मासिकातून वाचकांना चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. मूल कुठल्याही शाळेत असो, आज रात्री त्याला दुसरीच्या पुस्तकातली एक गोष्ट वाचायला सांगा आणि 'म्हणजे काय' विचारा. प्रगतिपुस्तक जे सांगत नाही ते दहा मिनिटांत कळेल. आधार, जन्मदाखला आणि शाळेचा दाखला यांवरचं नाव एकच आहे ना ते बघा, सप्टेंबरची वाट बघू नका. आठवीत एनएमएमएस शिष्यवृत्तीची परीक्षा असते. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि मूल निवडलं गेलं तर नववी ते बारावी वर्षाला बारा हजार रुपये मिळतात. ती सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठीच आहे, विनाअनुदानित शाळेतल्या मुलाला बसता येत नाही. फीचा हिशेब करताना हाही आकडा धरा.

आणि चौथी गोष्ट. प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. कायद्यानं तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. इल्मच्या फजिलतीवर बयान असतं तेव्हा मांडव भरतो. समितीच्या सभेला आम्ही चहा ठेवून वाट बघतो आणि चार माणसं येतात. शिक्षक कमी असेल, चुकार असेल, वर्ग गळत असेल, तर विचारण्याचा हक्क त्याच सभेत आहे. येऊन भांडा. रिकाम्या खुर्च्यांपेक्षा भांडणारे पालक आम्हाला परवडतील.

ऑक्टोबरच्या सभेला दादी आल्या होत्या. सही करताना अडखळल्या, मग नातीनं कागद धरला. सभा संपल्यावर आम्ही धीर करून नातवाचा विषय पुन्हा काढला. त्या म्हणाल्या, "बापाला विचारते फोनवर. त्याला ठरवू दे."

एवढं म्हणून त्या उठल्या आणि दाराशी थांबून आमच्या मुलीला जवळ बोलावलं. तिच्या वहीतलं पान उलटून पाहिलं. दादींना वाचता येत नाही. तरी त्यांनी एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, "म्हणजे काय?"

मुलीनं कोकणीत सांगितलं, न अडखळता.